पाच-सातचं वल्हं

मापेसाहेबांचं खरं नाव बाजारात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कोणाची छातीही नव्हती. वजनमापे खात्याचा निरीक्षक दुकानात शिरला की दुकानदार नाव विचारत नाही, खुर्ची पुढे करतो. साहेबांनी उभ्या नोकरीत ती खुर्ची कधी घेतली नाही. उभ्याउभ्याच तराजूचा काटा बघायचे, पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण नखाने खरवडायचे, कापडवाल्याची मीटरपट्टी आपल्या पितळी पट्टीला लावून एक डोळा मिटायचे आणि 'जप्त' एवढं बोलून बाहेर पडायचे. या एका शब्दाने बाजारातल्या कित्येकांचं जेवण कडू केलं होतं.

अशा माणसाने एकच माप खोटं ठेवलं होतं. स्वतःच्या उंचीचं.

दोष म्हणाल तर त्यांच्या आत्याचा. लग्नाच्या बोलण्यात आत्याने 'मुलगा पाच-सात' असं ठोकून दिलं. मुलगी मुलापेक्षा बोटभर उंच निघते आहे हे तिने दारातच हेरलं होतं. तिचा हिशेब असा, की बोलणी सगळी बसून होतात आणि दोघं शेजारीशेजारी उभी राहीपर्यंत सह्या झालेल्या असतात. झालंही तसंच. लग्नाच्या फोटोत साहेब पायरीवर आहेत आणि बाई पायरीखाली, आणि त्या पायरीवरून साहेब पुढे कधी उतरलेच नाहीत. जाड टाचेचे बूट, उंच माथ्याची टोपी, घोळक्यात उभं राहायचं तर जरा चढाची जागा बघून.

कायद्याचा माणूस असल्यामुळे त्यांनी या खोट्यालाही पळवाट शोधून ठेवली होती. उंची ते नेहमी फूट-इंचांतच सांगत. कायद्याची मापं मीटर आणि सेंटिमीटर. फूट-इंचांना कायदा ओळखतच नाही. मग ज्या मापाला कायद्याच्या घरात उभं करत नाहीत, त्यात थोडं इकडचं तिकडे झालं तर गुन्हा कसला? सेंटिमीटरमध्ये साहेब जन्मात खोटं बोलले नव्हते. कोणी फारच चिकटपणे विचारलं, 'म्हणजे सेंटिमीटरमध्ये किती हो?' तर साहेबांना ठसका लागायचा.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण निवृत्तीनंतर साहेबांना समुद्राचा नाद लागला.

त्यांच्या मुलीने किनाऱ्यावर, होड्यांच्या जुन्या शेडमध्ये, वल्ह्यांचा कारखाना थाटला होता. कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकाने. दोन टेबलं, एक साचा, घासायचं मशीन आणि डोळ्यांत पाणी आणणारा डिंकाचा वास. फळीवर उभं राहून, वल्हं मारत मारत लाट पकडायची आणि तिच्यावर स्वार होऊन किनाऱ्याला यायचं, या खेळासाठी ती वल्ही बनवायची. शिवाय चार-सहा भाड्याची ठेवायची. साहेब पहिल्या दिवशी नुसते बघायला आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विजार दुमडली.

"उंची सांगा," मुलगी म्हणाली. "सपाट पाण्यात फिरायचं असेल तर हात वर करायचा, वल्ह्याची मूठ मनगटाला लागली पाहिजे. लाटेवर तेवढं लांब चालत नाही बाबा. तिथे गुडघे वाकवून आपण निम्मे झालेलो असतो. भराभरा चार हात मारायचे, पटकन बाजू बदलायची. त्यामुळे डोक्याइतकं, फार तर वर दोन बोटं. तुम्ही पाच-सात, बरोबर?"

"पाच-सात," साहेब समुद्राकडे बघत म्हणाले.

भाड्याच्या वल्ह्याचा दांडा कमीजास्त करता यायचा. दांड्यात दांडा सरकवलेला, वर आकडे छापलेले, मध्ये एक क्लिप. मुलीने पाच-सातला शोभेल असा आकडा लावून वल्हं हातात दिलं. साहेब ते घेऊन कपडे बदलायच्या खोलीमागे गेले, चहूकडे नजर टाकली, क्लिप उघडली आणि दांडा गुपचूप आत सारला. मग पाण्यात गेले.

आणि गंमत म्हणजे त्यांना जमलं! बुटका माणूस फळीवर घट्ट बसतो, वारा त्याला सहसा पाडत नाही. महिन्याभरात साहेब लाटेच्या खांद्यावरून असे उतरू लागले की किनाऱ्यावरची पोरंटोरं थांबून बघू लागली. खेळ झाला की साहेब पुन्हा खोलीमागे जायचे, दांडा पहिल्या आकड्यावर ओढायचे, क्लिप लावायचे आणि वल्हं जागेवर टांगायचे. पुरावा साफ.

वाढदिवसाला मुलीने कापडात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

काळं, चकचकीत, पिसासारखं हलकं वल्हं होतं. अखंड दांडा, क्लिप नाही की जोड नाही. दांड्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बाबा' लिहिलेलं.

"माझ्या स्वतःच्या साच्यातलं पहिलं," ती म्हणाली. "पात्याचा बाक मीच ठरवलाय. क्लिपचं वल्हं कुरकुरतं, जड पडतं. हे एकदा मापाने कापलं की आयुष्यभर बघायला नको."

"कापलंस?" साहेबांनी हळूच विचारलं.

"मग! मूठ पण बसवली. पाच-सात, वर दोन बोटं. आणि नुसती तुमच्या शब्दावर नाही हं गेले. भाड्याचं वल्हं तुम्ही परत टांगता ना, त्यावरचा आकडा रोज बघायचे मी. दर वेळी तोच! म्हटलं, शेवटी वजनमापेवाला माणूस."

साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी पुसलेले पुरावे शोधून काढले होते. आपण स्वतः पुसलेला पुरावा आपल्याच डोक्यावर येऊन बसेल हे त्यांच्या खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हतं.

"छान आहे," ते म्हणाले. आणि वल्हं उभं न धरता त्यांनी काखेत आडवं घेतलं.

त्या दिवसापासून ते वल्हं आडवंच राहिलं. उभं केलं की ते साहेबांच्या टोपीच्याही वर जायचं, म्हणून साहेब ते काखेत आडवं धरून किनाऱ्यावरून चालायचे आणि वळले की पाठीमागच्याच्या बरगडीत कोपरखळी बसायची. सपाट पाण्यात ते गुणी लेकरासारखं वागायचं. तिथे लांब वल्हं चालतं. लाट आली की मात्र सगळं बिघडायचं. वरचा हात झेंडा धरल्यासारखा कपाळाच्या वर. पातं खोल जायचं, ते वर काढेपर्यंत लाट बस सुटल्यासारखी निघून जायची आणि साहेब स्टॉपवर उभे. बाजू बदलायला गेले की मूठ कानशिलात. एकदा त्यांनी शहाणपणा करून मूठ सोडली आणि खालून दांडाच धरला, तर मोकळी राहिलेली मूठ टोपीला लागली आणि टोपी समुद्राने नेली.

मुलगी किनाऱ्यावरून बघत होती. साहेबांच्या उंचीकडे बघावं हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. ज्या माणसाच्या एका शब्दावर अख्ख्या बाजाराची मापं बदलली, त्याला कोण मोजणार? आणि घरातला माणूस जन्मापासून जेवढा सांगितलेला असतो तेवढाच दिसतो. तिने दोष काढला तो आपल्या पात्यात.

"सपाट पाण्यात बरोबर चालतं आणि लाटेत फसतं," ती रात्री जेवताना म्हणाली. "म्हणजे बाकच चुकलाय. पाणी धरून ठेवतंय पातं."

"थोडी सवय व्हायला हवी मला," साहेब म्हणाले.

"सवय कसली? भाड्याच्या त्या डबड्यावर उडत होता तुम्ही. माझ्या वल्ह्यावर आलात आणि बुडायला लागलात."

तिने पातं घासून पातळ केलं. साहेब बुडाले. कडा गोल केल्या. साहेब बुडाले. तिच्या बोटांना चिरा पडल्या, पण तिने तक्रार केली नाही. ते साहेबांना जास्त लागलं.

त्यातच क्लबचं प्रकरण निघालं. शहरातल्या क्लबने आपल्या सगळ्या सभासदांसाठी नवी वल्ही घ्यायचं ठरवलं होतं, आणि क्लबचे अध्यक्ष रविवारी मुलीचं काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर कारखाना कौतुकाचा न राहता खरोखरीचा होणार होता. नाही पडलं, तर शेडच्या मालकाला शब्द दिल्याप्रमाणे ती जागा सोडून मुलगी पुन्हा कोणाच्या तरी ऑफिसात टाइप करायला जाणार होती. आणि अध्यक्ष म्हणजे कोण? कापडवाले शेठ. तेच, ज्यांची लाकडी मीटरपट्टी साहेबांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, बोटभर कमी ठरवून जप्त केली होती.

"शेठ म्हणाले, वडिलांच्याच हातात बघू," मुलीने सांगितलं. "म्हणाले, तो माणूस खोट्या वस्तूला हात लावायचा नाही."



रात्री बाई पलंगावर बसून साहेबांची नवी विजार दुमडून शिवत होत्या. साहेब येरझाऱ्या घालत होते.

"अगं, त्या वल्ह्याचं..."

"पाय थांबवा आधी. सुई टोचेल मला."

"पातं चांगलं आहे तिचं."

"मग सांगा की तिला."

"तसं कसं सांगणार? ती विचारेल, मग दोष कशात?"

बाईंनी दोरा दातांनी तोडला. "ही विजार बघितलीत? दुकानात पाच-सातची घेता. घरी आली की मी खालून एवढी दुमडते." त्यांनी बोटं पसरून दाखवलं. "लग्न झाल्यापासून दुमडते आहे. तुमच्या विजारींतून उरलेल्या कापडात एखाद्या पोराची विजार झाली असती. आजवर बोलले का एक शब्द?"

साहेब मटकन पलंगावर बसले. "तुला माहीत होतं?"

"मी तुमच्याशेजारी झोपते हो. आडव्या माणसाची उंची लपत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बरं वाटत होतं. मला कुठे काय कमी पडत होतं? पण आता पोरीचं कमी पडतंय." त्यांनी विजारीची घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. "मी सांगणार नाही तिला. पाच-सात तुमचं, ते उतरवायचं पण तुम्हीच."

साहेबांनी मनात ठरवलं, रविवारी जीव गेला तरी त्याच वल्ह्याने लाट पकडायची. म्हणजे दोन्ही राहील, पोरीचं वल्हं आणि आपलं पाच-सात. माणूस अडचणीत सापडला की हिशेब असेच करतो, खर्च न मांडता.

रविवारी बाईही किनाऱ्यावर येऊन बसल्या. शेठ आले. अंगाने आडवे, पायांत पांढरे बूट, चेहऱ्यावर जुनी ओळख.

"नमस्कार साहेब! पट्टी आणली आहे का बरोबर? नाही, आपलं विचारलं. पूर्वी तुम्ही दिसलात की शटर ओढायचो, आज दुकान उघडं ठेवून आलोय."

"या शेठ," साहेब वल्हं काखेत धरून म्हणाले आणि नमस्काराला वळले. मुठीने शेठच्या पोटात ढोसलं.

"अरे, आधी मापायचं, मग मारायचं!" शेठ पोट चोळत म्हणाले.

नवी टोपी हनुवटीखाली बांधून आणि जाड टाचेचे रबरी बूट घालूनच साहेब पाण्यात उतरले. पहिली लाट आली, साहेबांनी जीव खाऊन हात मारला, पातं खोल गेलं, लाट पुढे निघून गेली. दुसऱ्या लाटेला ते फळीवर उठले, वाकले, बाजू बदलायला मूठ वर काढली आणि ती नाकावर घेतली. तिसऱ्या लाटेने फळी एकीकडे, साहेब दुसरीकडे आणि वल्हं तिसरीकडे नेलं. किनाऱ्यावर कोणी हसलं नाही, आणि साहेबांना तेच सगळ्यात वाईट वाटलं.

ते कंबरभर पाण्यात वल्हं शोधत असताना वाऱ्यावर मुलीचा आवाज आला.

"शेठ, बाबांचा दोष नाही. साचाच चुकलाय माझा. तुमचा वेळ घेतला. वल्ही तुम्ही दुसरीकडून घ्या."

"अगं पोरी, दुसरा कोणी आणू का चालवायला?"

"नको. बाबांसारख्या माणसाच्या हातात जे चालत नाही ते मी कोणाला विकणार नाही." ती वळली आणि शेडकडे चालू लागली. "साचा फोडूनच टाकते आज."

वल्हं हाताला लागलं तसं ते काखेत मारून साहेब पाण्यातून धावले. ओल्या वाळूत, नाकातून रक्ताचे थेंब गळत, ते बरेच हास्यास्पद दिसत असणार.

"थांब! पात्याला हात लावायचा नाही!"

हा जप्तीचा आवाज होता. शेठसुद्धा सवयीने सरळ उभे राहिले.

"पातं चोख आहे," साहेब धापा टाकत म्हणाले. "साचा चोख आहे. माप खोटं आहे."

"माप मी स्वतः घेतलंय बाबा. पाच-सात, वर दोन..."

"एकशे एकसष्ट."

"काय एकशे एकसष्ट?"

"सेंटिमीटर."

बाजारात वावरलेल्या माणसाला कळतं, मापेसाहेबांनी सेंटिमीटर म्हटलं की विषय संपला. शेठच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. त्यांनी साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत आणि परत पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. परतीला वेळ कमी लागला.

"म्हणजे पाच-सात..." मुलगी म्हणाली.

"आत्याचं."

"आणि भाड्याच्या वल्ह्यावरचा आकडा?"

"मी परत लावून ठेवायचो."

मुलीच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग एकदम सगळं आलं. "बाबा! दहा दिवस मी पातं घासतेय! बोटं बघा माझी! साचा फोडणार होते मी! आणि तुम्ही, तुम्ही लोकांच्या पट्ट्या जप्त करत फिरायचात!"

"करायचे तर!" शेठना राहवलं नाही. "माझी बोटभर होती हो. फक्त बोटभर!"

"तुमचं नंतर बघू शेठ," मुलगी म्हणाली आणि शेठ एक पाऊल मागे सरले. तिने वडिलांचा हात धरला, लहान मुलाला धरून न्यावं तसा, आणि शेडमध्ये नेऊन भिंतीशी उभं केलं. "बूट नाही, टोपी नाही. पाठ टेकवा. बोलू नका."

तिने डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि टेप लावला. दोनदा लावला.

"एकशे साठ."

"एकसष्ट!" साहेब उसळले. "पुन्हा बघ. टेप ताणलेला असेल. एकसष्ट आहे मी, नोकरीला लागलो तेव्हा सरकारी डॉक्टरने..."

"वयाने आटला असाल," बाई दारातून म्हणाल्या.

"एक सेंटिमीटर म्हणजे काही..."

"बाबा." मुलीने करवत उचलली.

साहेबांनी एकसष्टवरही पाणी सोडलं.

तिने मुठीला गरम हवा दिली, डिंक सैलावला, मूठ पिळून काढली. मग वल्हं वडिलांच्या शेजारी उभं केलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि मोठा उसासा सोडला. दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे कापताना दांड्याचे कार्बनचे तंतू उसवत नाहीत. खूण करायला पेन्सिल टेकवली आणि हात थांबवला.

"मुठीची लांबी धरून माप मांडतेय. डोक्याइतकं की दोन बोटं वर?"

"तू सांगशील ते."

"नाही, आता तुम्हीच सांगा. खरं."

साहेबांनी विचार केला. खोलीमागे चोरून सरकवलेला दांडा आठवला. "डोक्याइतकं. वर काही नको."

बारीक दातांची करवत कुरकुरत फिरली. दांड्याचा काळा तुकडा जमिनीवर पडून गडगडत टेबलाखाली गेला. मुलीने मूठ परत बसवली, चोळून पुसली आणि वल्हं त्यांच्या हातात दिलं. तिचा राग गेला नव्हता. पण रागावलेलीच राहून तिने त्यांच्या पाण्यात घालायच्या जाकिटाचा बंद घट्ट केला.

साहेब पुन्हा पाण्यात गेले. टोपी नाही, बूट नाहीत, किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ते जेवढे होते तेवढेच दिसत होते. लाट आली तशी त्यांनी पाठ फिरवली, गुडघे वाकवले आणि हात मारला. पातं पाण्यात शिरलं तसंच बाहेर आलं. दुसरा हात, तिसरा, आणि फळी लाटेने उचलली. साहेबांनी बाजू बदलली, मूठ छातीसमोरून सहज गेली. पात्याचा बाक पाण्याला असा टेकला की फळी लाटेच्या अंगावरून वळत निघाली. लाट लांब होती. साहेब तिच्याबरोबर शेवटपर्यंत आले, इतके शेवटपर्यंत, की फळी वाळूला लागून थांबली आणि साहेब न थांबता पुढे चार पावलं पळत जाऊन शेठच्या अंगावर आदळले.

"पातं बोलतं हो," शेठ त्यांना सावरत म्हणाले. मुलीकडे वळून त्यांनी मान डोलावली. "क्लबची सगळी वल्ही तुझ्याकडून. पण माझी एक अट."

"काय?"

"प्रत्येकाचं माप तुझ्या बापाने घ्यायचं. स्वतः. आमच्या क्लबात सगळेच पाच-आठ आहेत. तोंडी."

मुलीने पहिल्यांदा हसू येऊ दिलं. "आज सुरुवात करू या. तुमचंच."

"माझं? माझं लिहून घे ना, पाच..."

"सेंटिमीटरमध्ये, शेठ," साहेब म्हणाले.

शेठना ठसका लागला.

शेडच्या भिंतीशी शेठ उभे राहिले. पांढरे बूट काढताना त्यांनी बराच वेळ लावला. साहेबांनी ठोकळा हातात घेतला, एक डोळा मिटला आणि खाली नजर टाकली. शेठच्या टाचा जमिनीवर नव्हत्या. फार नाही, बोटभर. मोज्यांत पाय थरथरत होते, आणि वर चेहरा असा, की जणू आपण जन्मापासून असेच उभे राहतो.

ओठावर आलेला जुना शब्द साहेबांनी गिळला. दारात मुलगी पेन्सिल घेऊन होती, बाई होत्या, दोन-चार पोरं डोकावत होती. साहेबांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि शेठच्या कानाशी तोंड नेलं. त्यासाठी त्यांना स्वतःलाच चवड्यांवर उभं राहावं लागलं.

"टाचा टेकवा शेठ, नाहीतर लाटेत नाक फुटेल. माझं फुटलंय. आकडा मोठ्याने वाचणार नाही, पोरीच्या कानात सांगतो."

"शब्द?"

"शब्द."

शेठच्या टाचा खाली आल्या. घासाघीस करून भाव उतरावा तशा, थोड्या थोड्या करून.